महाराष्ट्र एक्सप्रेस आणि अकोल्याची पाच मिनिटं

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा जे ऑफिसमध्ये हेडफोन न लावता गुपचूप वाचतात, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिहून काढलेला भाग. बोललेलंच आहे, थोडं साफसूफ केलंय.

मागच्या भागात आपण ट्रिप प्लॅनिंगबद्दल बोललो होतो. त्यावर बऱ्याच जणांनी कळवलं की लहानपणी ‘ट्रिप’ असा काही प्रकारच नव्हता, सुट्टी म्हणजे नातेवाईकांकडे जाणं. आमच्याकडेही तसंच होतं. महाबळेश्वर मी पहिल्यांदा कॉलेजमध्ये असताना पाहिलं. पण मे महिन्यात गोंदियाला जाणं मात्र कधी चुकलं नाही.

आमचं घर सांगलीचं, आणि आईचं माहेर गोंदियाचं. नकाशा उघडून बघा. एक गाव राज्याच्या या टोकाला, दुसरं पार त्या टोकाला. या लग्नाची बोलणी कशी जमली ती वेगळी गोष्ट आहे, ती पुन्हा कधीतरी. पण या दोन टोकांना जोडणारी एक गाडी होती, अजूनही आहे. कोल्हापूर ते गोंदिया, महाराष्ट्र एक्सप्रेस. साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास अंतर, साधारण २८ तास, आणि एवढं सगळं राज्याची हद्द एकदाही न ओलांडता. दिल्लीला जाणाऱ्या गाड्या ऐटीत निघून जायच्या आणि आमची गाडी लहानमोठ्या स्टेशनांवर थांबत, सगळ्यांची चौकशी करत चालायची.

दुपारी सांगलीला बसायचं. सामान म्हणाल तर दोन बॅगा, एक वळकटी, पाण्याचा कॅन आणि आईची ती एक पिशवी. त्या पिशवीत तासगावचे नवे बेदाणे, सांगलीची हळद आणि भडंगाची पाकिटं. पाकिटं मोजलेली असायची. कारण वाटेत प्रत्येक ठिकाणी एकेक उतरणार असायचं.

आता ‘वाटेत’ म्हणजे काय ते सांगते. आजचा सगळा विषय त्यावरच आहे.

आमचे नातेवाईक या रूटवर विखुरलेले होते. पुण्यात बाबांचे काका, भुसावळला आईचा चुलतभाऊ, अकोल्याला मावशी. सगळ्यांकडे उतरायचं म्हटलं तर सुट्टी संपली असती आणि बाबांची रजाही. मग पद्धत अशी होती की उतरायचं नाही, स्टेशनवरच भेटायचं. निघायच्या आधी बाबा सगळ्यांना फोन करून डब्याचा आणि बर्थचा नंबर सांगायचे. आणि गाडी जिथे थांबेल तिथे तो नातेवाईक प्लॅटफॉर्मवर हजर!

पुण्याचे काका रात्री उशिरा यायचे. पुणेकरांवरचे जोक तुम्हाला माहीत आहेतच, ते मी इथे सांगत नाही. पण हे काका थर्मासमध्ये गरम दूध घेऊन यायचे, माझ्या धाकट्या भावासाठी, कारण तो दुधाशिवाय झोपत नसे. दूध पाजायचं, थर्मास परत घ्यायचा, भडंग घ्यायचं, चालले. मग दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट्या दिशेने निघायची. अर्धवट झोपेत आम्हाला दर वर्षी वाटायचं की आपण परत सांगलीला चाललोय.

सकाळी भुसावळ. तिथले मामा रेल्वेतच होते, त्यामुळे गाडी किती लेट आहे हे त्यांना आमच्याआधी माहीत. ते केळी आणायचे, पण डझनात नाही, अख्खी फणीच. जळगाव जिल्ह्यातला माणूस केळी मोजून देत नाही हे मला तेव्हा कळलं. आई म्हणायची, “अरे एवढी कोण खाणार?” मामा म्हणायचे, “अजून अख्खा दिवस आहे तुमचा.” ते खरंच होतं.

आणखी एक गंमत. मनमाड मागे पडलं की आईची भाषा बदलायला लागायची. सांगलीत वर्षभर ती आमच्यासारखंच बोलायची. पण भुसावळपासून तिच्या बोलण्यात हळूहळू ‘काऊन’ यायचं, मग ‘करून राहिली’, ‘येऊन राहिला’ यायचं. शेगावला कचोरीवाला खिडकीशी येईपर्यंत बाई पूर्ण वऱ्हाडी झालेल्या असायच्या. बाबा आम्हाला डोळा मारून सांगायचे, “आली बघा तुमची आई घरी.”

आणि मग अकोला.

मावशी आईपेक्षा चार वर्षांनी लहान. तिच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा मी पहिलीत होते. घरात दुसरं बाईमाणूस नाही, काका फिरतीच्या नोकरीवर. सासूबाईंना उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं मावशीकडे. त्यामुळे गोंदियाला जाणं बंद झालं. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, सलग सात वर्षं. तिच्यासाठी माहेर म्हणजे अकोला स्टेशनचा तो प्लॅटफॉर्म, वर्षातून दोनदा. जाताना पाच मिनिटं आणि येताना पाच मिनिटं.

शेगाव सुटलं की बाबा एक मिस्ड कॉल द्यायचे. त्या एका रिंगचा अर्थ, निघ आता. उचलायचा नाही, नाहीतर पैसे जातात! आजच्या भाषेत सांगायचं तर पिंग. मी आणि भाऊ दारात उभे राहायचो, बाबा मागून आमची कॉलर धरून. आणि लांबून पिवळी नाहीतर हिरवी साडी दिसायची, एका हातात स्टीलचा पाच खणांचा डबा, दुसऱ्या हातात माठातल्या पाण्याचा कॅन. मे महिन्यात अकोल्याला पारा ४४-४५ ला टेकलेला. प्लॅटफॉर्मवरून वाफा येतायत आणि ही बाई बरणीत बर्फ घातलेला आमरस आणि डब्यात सरगुंडे घेऊन उभी. ज्यांनी आमरसात सरगुंडे खाल्ले नाहीत, त्यांनी विदर्भातला एखादा मित्र शोधा, एवढंच सांगते.

आता ही पाच मिनिटं कशी जायची ते ऐका. पहिलं मिनिट, “काऊन वं ताई, किती वाळली तू!” आणि “पोट्टे केवढे मोठे होऊन राहिले!” दुसरं मिनिट, डबा आत, कॅन आत, बेदाणे-हळद-भडंग बाहेर. तिसऱ्या मिनिटाला दोघी गप्प. म्हणजे खरंच गप्प. एकमेकींचा हात धरून नुसत्या उभ्या. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं, इतका कमी वेळ आहे आणि या बोलत का नाहीत? बाबांचं काम एकच होतं, सिग्नलकडे बघत राहणं. ते “चला” म्हणाले की आई चढायची.

आणि खरं बोलणं गाडी हलल्यावर व्हायचं! मावशी खिडकीचा गज धरून गाडीबरोबर चालायला लागायची आणि तेवढ्या वीस-पंचवीस पावलांत वर्षभराची मुख्य बातमी सांगायची. एकदा म्हणाली, “ताई, मी शिवणाची मशीन घेतली, माझ्या पैशानं!” आई खिडकीतून ओरडली, “कुठून आणले?” उत्तर ऐकू आलंच नाही. ते उत्तर मिळालं दहा दिवसांनी, परतीच्या गाडीत. भिशीचे होते.

गोंदियाला पोचलो की आजी आईला पाणी देण्याआधी विचारायची, “अकोल्याला किती वेळ थांबली गाडी?” आई म्हणायची, “पाच मिनिटं.” कधी गाडी रखडली असेल तर, “आज बारा मिनिटं थांबली.” आजीचा चेहरा खुलायचा. इंडियन रेल्वेच्या लेट होण्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

परतीला मावशीचा डबा परत करायचा असायचा. आणि रिकामा डबा परत करायचा नसतो, हे तर तुमच्याही घरी असेल. आजी आदल्या रात्री तो भरायची. बेसनाचे लाडू, हातावरच्या शेवया. सोबत चिन्नोर तांदळाची पिशवी. त्याचा वास आमच्या अख्ख्या कंपार्टमेंटला लागायचा. कधी कागदात गुंडाळलेलं ब्लाऊजपीस. संध्याकाळकडे अकोला यायचं, मावशी डबा दोन्ही हातांनी घ्यायची आणि आधी वास घ्यायची. पुढच्या मे महिन्यात तोच डबा आमरसाबरोबर पुन्हा गाडीत. एक डबा सात वर्षं असा येत-जात होता.

२०११ च्या पावसाळ्यात गोंदियाहून फोन आला, आजीचं काही खरं नाही. आम्ही मिळेल त्या तिकिटावर निघालो. बाबांनी सवयीने शेगावला मिस्ड कॉल दिला. अकोल्याला गाडी लागली, मावशी नेहमीच्या जागी उभी. हातात डबा होता. आईने खाली उतरून डब्यासाठी हात पुढे केला, तर मावशी म्हणाली, “सरक.” आणि गाडीत चढली. सासूबाईंना शेजारच्या काकूंच्या हवाली करून आली होती. पायात घरातल्याच चपला, खांद्याला पर्स, बस. तिकीट नव्हतं. बाबांनी टीसीला गाठून दंडासकट पावती केली. मावशी खिडकीशी बसली आणि गाडी सुटल्यावर तिने प्लॅटफॉर्मकडे मान वळवून बघितलं. इतकी वर्षं तिने तो फक्त बाहेरून बघितला होता ना.

रात्री घरी पोचलो. आजी ओळखत होती, पण बोलणं तुटक. मावशी उशाशी बसली. आजी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “किती वेळ आहेस?”

मावशी म्हणाली, “आहे मी.”

आजी त्यानंतर चार दिवस होती. मावशीही.

हे मी आज का सांगतेय? या मे महिन्यात गोंदियाला मामेभावाचं लग्न होतं. मी पुण्यात नोकरीला, आई-बाबा सांगलीत. मी आईला म्हटलं, पुण्याला ये, पुण्याहून नागपूरचं विमान घेऊ, सव्वा-दीड तासात नागपूर, तिथून गोंदिया काय लांब नाही. किंवा गाडी करू. समृद्धी महामार्ग आता पूर्ण झालाय, ७०१ किलोमीटर, मुंबई ते नागपूर. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “विमान अकोल्याला थांबतं का?”

आता, मी विमानाच्या विरोधात नाही. रस्त्यांच्याही नाही. दोन दिवसांची रजा असलेल्या माणसाने २८ तास गाडीत बसावं असं मी अजिबात म्हणणार नाही. माझं कामच असं आहे की मधले थांबे कमी करा, रिक्वेस्ट थेट पोचवा, मिलिसेकंद वाचवा. पण आईच्या प्रश्नानंतर मला एक गोष्ट लक्षात आली. आपण नातेवाईकांकडे ‘जाणं’ या गोष्टीचं फार मोठं ओझं करून ठेवलंय. जायचं तर दोन दिवस राहायला पाहिजे, काहीतरी न्यायला पाहिजे, त्यांनी गाद्या घालायला पाहिजेत, आपण रजा टाकायला पाहिजे. ते जमत नाही, म्हणून मग काहीच होत नाही. लग्नात भेटू, असं म्हणतो. पण या दोन बहिणींचं सात वर्षं सगळं मिळून ‘जाता जाता’वर चाललं. हिशेब केला तर सात वर्षांत दीड तासही होत नाही. तेवढ्यात मशीन, भिशी, आजीचा तांदूळ, सगळं बसलं.

व्हिडिओ कॉल आहेच की, असं तुम्ही म्हणाल. त्या दोघी रोज करतात. अर्धा-अर्धा तास. पण त्यावर तिसऱ्या मिनिटाला गप्प राहता येत नाही ना. लगेच “आवाज येतोय का?” सुरू होतं!

तर शेवटी काय झालं? मी विमानाने गेले, मला रजा नव्हती. आई-बाबा महाराष्ट्र एक्सप्रेसने गेले. मावशीचे गुडघे आता दुखतात, जिना चढवत नाही. पण गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला लागणार हे ती मोबाईलवर बघून ठेवते आणि मुलगा तिला स्कूटरवरून घेऊन येतो. मिस्ड कॉल गेला, आता आई लाइव्ह लोकेशन पाठवते. मावशी तो निळा ठिपका शेगावपासून बघत बसते म्हणे. लग्नाला ती मागून दोन दिवसांनी येणारच होती, तरीही स्टेशनवर आली. बाबांनी फोटो पाठवला. डबा नवीन आहे, थोडा छोटा.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. पुढच्या वेळी गावाला निघाल तेव्हा मॅपवर रूट टाकाल, तेव्हा फक्त किती वाजता पोचणार ते बघू नका. मधल्या गावांची नावंही वाचा. त्यातल्या एखाद्या गावात तुमची आत्या, काका, जुन्या शेजारच्या काकू, कोणीतरी असेल. बायपासच्या ढाब्यावर, टोलनाक्याच्या अलीकडे, बसस्टँडवर, दहा मिनिटं. आधी फोन करून सांगा, “जेवायला थांबणार नाही, नुसता भेटून जातो.” ते तरी काहीतरी घेऊन येतीलच. डबा मिळाला तर तो परत कसा द्यायचा ते तुम्हाला माहीत आहे.

तुमच्या रूटवर कोण कोण होतं, आणि कुठल्या स्टेशनवर काय खायला मिळायचं, मला व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. भुसावळ आणि मिरजवाल्यांनी तर सांगाच सांगा. चांगल्या आठवणी पुढच्या भागात ऐकवेन. भेटूया पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत काळजी घ्या. टाटा!