सादळलेलं गवत



फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्रीच्या गाडीनं बोरघाट उतरताना समोरच्या डोंगरावर कधी कधी केशरी दिव्यांची वाकडीतिकडी माळ दिसते. डब्यातलं एखादं पोर हरखून बघत राहतं. ती माळ म्हणजे वणवा. आज मला बोलायचंय ते त्या वणव्यातल्या पाण्याविषयी. विझवायच्या पाण्याविषयी मात्र बोलणार नाही, कारण त्या उतारावर बंब चढत नाही. तिथं ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात, नाहीतर हल्ली ब्लोअरनं पाचोळा मागे सारतात. मी म्हणतो ते पाणी गवताच्या काडीतलं.

पहिली गंमत अशी, की वणव्याची तयारी पाऊसच करून ठेवतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा मुलखात आग लागावीच कशी? पण तो सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. उताराच्या पातळ मातीवर त्या पावसानं गवत कमरेएवढं होतं आणि दिवाळीनंतर उभ्या उभ्या वाळतं. दुष्काळी पट्ट्यात पाऊस चुकला तर गवत घोट्याएवढं, तेही विरळ. एका जुडग्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला आगीला जमत नाही. त्यामुळे घाटावर पाऊस चांगला झाला की पुढचा उन्हाळा जपून काढावा लागतो. त्यात कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून झाल्यावर रानोमाळ एकदम मरते. त्या पुढच्या उन्हाळ्यात तर डोंगरावर सरपणाचा ढीगच रचलेला असतो.

वाळलेलं गवत म्हणजे कोरडं गवत, असं आपण समजतो. तसं नसतं. फडताळातला पापड पावसाळ्यात सादळतो ना, अगदी तसं मेलेलं गवत हवेतली ओल पिऊन सादळतं. त्याला पाऊस लागत नाही, पहाटेची दमट हवा पुरते. दुपारी ते पुन्हा कडक होतं. बारीक काडीला हा बदल करायला तासाभराचा अवधी पुष्कळ झाला. जाड ओंडक्याला आठवडे लागतात. गवतातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या पाव हिश्शापलीकडे गेली की आग सहसा पुढे सरकत नाही. म्हणून दुपारी दोनला पिसाळलेला वणवा पहाटे चारला नुसता धुमसत असतो. वणवा अडवायला आधीच जाळरेषा जाळून ठेवणारे वनमजूर हे पुस्तकात वाचून शिकलेले नसतात. गवत मुठीत चुरगाळलं आणि कुरकुर वाजलं, की त्यांना कळतं, आज काडी लावायची नाही.

पाणी नेमकं करतं काय? एक ग्रॅम पाणी तीस अंशांवरून उकळीला आणायला 70 कॅलरी लागतात, पण त्याची वाफ करायला आणखी 540. कोरड्या पानाचा एक ग्रॅम जळून साधारण चार हजार कॅलरी देतो. मग ओलं पान का जळू नये? हिशेबात तर नफाच दिसतो! अडचण उधारीची आहे. पान आपली उष्णता देणार ते पेटल्यावर, आणि पाणी आपला वाटा मागतं पेटण्याआधी, रोख. शेजारच्या ज्वाळेकडे तेवढी रोकड नसेल तर व्यवहार तिथंच मोडतो. शिवाय निघालेली वाफ पानातून सुटणाऱ्या ज्वालाग्राही वायूंत मिसळून त्यांना पातळ करते. बांबूच्या बेटात हीच वाफ पेरांत कोंडते, आणि मग बंदुकीच्या बारासारखे आवाज दरीभर घुमतात.

आणि जळताना पुन्हा पाणीच जन्माला येतं. झाड पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन लाकूड घडवतं. आग ते लाकूड उसवून दोन्ही परत करते. पूर्ण कोरडं एक किलो लाकूड नीट जळालं, तर अर्ध्या किलोहून थोडं अधिक पाणी वाफेच्या रूपानं हवेत जातं. हे पाणी होतं लाकडातल्या हायड्रोजनचं. हायड्रोजन या नावाचा अर्थच मुळी पाणी निर्माण करणारा. अठराव्या शतकात लाव्हाझिये या रसायनशास्त्रज्ञानं तो वायू जाळून पाणी होतं हे ओळखलं आणि त्याचं नाव तसं ठेवलं.

उरली राख. तिच्यात पोटॅशचे क्षार असतात. पाण्यात विरघळले की पाणी बुळबुळीत लागतं. म्हणून तर आपल्या आज्या राखेनं भांडी घासत. कोकणातला शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो तो याच राखेच्या आशेनं. पण त्याचा तुकडा सपाट असतो, बांध घातलेला असतो. जूनचं पाणी राख मातीत मुरवतं. डोंगरउतारावर तेच पाणी राख धुऊन ओढ्यात नेतं, सोबत माती नेतं. नत्र तर आधीच धुरातून निघून गेलेलं असतं. वणवा लावला की गवत जोमानं येतं, असं सांगणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की पहिल्या पावसात ओढा काळा का वाहतो?

गवत येतं हे मात्र खरं. ओल्या मातीचं तापमान, तिच्यातलं पाणी संपेपर्यंत शंभर अंशांवर चढत नाही, आणि गवताची आग भरकन निघून जाते. चार बोटं खाली मुळांना फारशी झळ पोचत नाही. झाडाच्या वीतभर रोपाचा जीव मात्र जमिनीवर असतो. ते जातं. पुढच्या वर्षी तिथं पुन्हा गवतच.

आता सकाळच्या गाडीनं परत या. रात्री जिथं माळ दिसली तो उतार काळाठिक्कर असेल. त्यावरून खाली उतरणाऱ्या काही हिरव्या रेघा दिसतील. त्या घळी. तिथं पाझर उशिरापर्यंत टिकतो, पाचोळा ओलसर राहतो, आणि आग काठापर्यंत येऊन थांबते. आंबा, जांभूळ, उंबर, जे काही रान उरलंय ते त्या रेघांमध्ये उभं आहे.