उसनी सकाळ



कुस्तीच्या मुलखात उभा राहून मी सुरुवात सायकलच्या शर्यतीपासून करणार आहे, आणि तीही एका माणसाच्या दातांपासून. टायलर हॅमिल्टन हा अमेरिकेचा सायकलपटू. 2002 साली इटलीतल्या ‘जिरो’ शर्यतीत तो पडला, खांद्याचं हाड मोडलं. तरी सायकलवरून उतरला नाही. घाटामागून घाट चढत राहिला आणि दुसरा आला. कळ सोसताना दातांवर दात इतके आवळले होते, की नंतर अकरा दातांवर टोप्या बसवाव्या लागल्या. पुढच्या वर्षी ‘टूर द फ्रान्स’च्या पहिल्याच टप्प्यात कॉलरबोनला तडे गेले. त्या खांद्यानिशी त्याने सोळावा टप्पा एकट्याने पुढे निसटून जिंकला आणि एकूण चौथा आला.

2004 मध्ये अथेन्स ऑलिम्पिकला सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी त्याच्या शरीरात दुसऱ्याचं रक्त सापडलं. दोन वर्षांची बंदी आली. अनेक वर्षं ‘मी नाही त्यातला’ म्हणत राहिला आणि 2011 मध्ये सगळं कबूल करून पदक परत केलं.

आता त्या अकरा दातांचं काय करायचं?

मी यावर बरीच वर्षं विचार करतोय. माझं उत्तर असं आहे, की दात खरे. हाड मोडल्याची कळ कुठल्याही सुईने खोटी होत नाही. त्या सोसण्यापुढे मी आजही हात जोडतो. पण त्याचा चौथा क्रमांक मी मानत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच शरीराच्या आहेत, म्हणून एकीच्या बदल्यात दुसरी माफ होत नाही.

कारण औषध नेमकं काय देतं, ते बघा. आपल्याला वाटतं, औषध ताकद देतं. तीन आठवड्यांच्या शर्यतीत खरा प्रश्न असतो उद्या सकाळचा. आज दोनशे किलोमीटर मारून पाय दगड झालेत, उद्या पुन्हा तेवढेच मारायचे आहेत. रात्रीतून ज्याचं शरीर भरून निघेल तो पुढे. टेस्टोस्टेरॉन असो की पिशवीतलं रक्त, ते ही सकाळ उसनी आणून देतं. चोरी होते ती या सकाळची. ज्याने काहीच घेतलं नाही, तोही पडलेला असतो, तोही दात आवळतो. पण त्याचं दुखणं लांबतं, आणि लांबलेलं दुखणं बघायला कॅमेरा थांबत नाही.

आपल्याकडे या. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत आपण कुस्त्या बघत मोठे झालो. पैलवानाचा कान कधी जवळून पाहिलात? घासून घासून आत रक्त साकळतं, ते तसंच कडक होतं आणि कानाची गाठ बनते. तो कान त्या माणसाच्या कष्टाची साक्ष असतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार 1969 चे महाराष्ट्र केसरी. पुढे पुण्यात ते वस्ताद झाले, आणि पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली घडला. 2018 ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेतल्या अंतिम लढतीत राहुल दुखापतीने कळवळला, उपचार घेतले, पुन्हा उभा राहिला आणि कॅनडाच्या ताकाहाशीला 15-7 ने हरवून आला. बिराजदार मामा ते बघायला नव्हते. 2011 मध्येच ते गेले होते.

आणि याच मातीत नरसिंग यादवचंही नाव आहे. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. रिओ ऑलिम्पिकला जाण्याआधी त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. कुणीतरी खाण्यापिण्यात कालवलं, असं त्याचं म्हणणं. ‘नाडा’ या देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेने ते मानलं, पण 18 ऑगस्ट 2016 ला, त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने ते फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. त्याच्या मनातलं मी जाणत नाही. त्याचा निवाडा लवादाने केला, तो मी मानतो. पण त्याचे कान मी टीव्हीवर बघितलेत, आणि ते बघून मान फिरवणं मला जमलेलं नाही.

ही चार मोठ्या माणसांची गोष्ट असती तर मी इथवर ती आणली नसती. 2023 मध्ये भारतात 5606 नमुने तपासले गेले, त्यात 213 सदोष निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. शिवाय ज्यांची चाचणी कुणी घेतच नाही, ती पोरं वेगळीच. पहाटे पाच वाजता कुठल्याही बायपासवर जा. पोलीस भरतीची पोरं अंधारात पळत असतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, सगळे मिळून पन्नास गुण.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका बायपासवर एक पोरगा पुलाच्या कठड्यावर बसलेला दिसला. पँट गुडघ्यापर्यंत वर ओढून नडगीवरचा क्रेप बँडेज सोडवत होता. बँडेजचे वळ कातडीत रुतले होते. हाडाच्या कडेने अंगठा दाबत खाली नेला की एका जागी त्याचा श्वास अडकायचा. डॉक्टरांनी तीन आठवडे पळू नको म्हणून सांगितलेलं. मैदानी चाचणीला सोळा दिवस उरले होते.

“सर, सुई मारून घेऊ का? लई जण घेतेत.”

मी नको म्हणालो. हृदयाचं सांगितलं, रक्तदाबाचं सांगितलं, हाडाची चीर वाढून पाय कायमचा जाईल हेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“ते खरंय सर. पण मग मी थांबलो, आन् त्यायनी मारली, तर?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याच्या शेजारी कठड्यावर बसलो. समोरून पोरांची दुसरी फेरी आली, कुणीतरी त्याला नावाने हाक मारली. त्याने हात वर केला आणि बँडेज पुन्हा घट्ट गुंडाळायला लागला.