लखुजीरावांची लेक

१२ जानेवारीला आपण जिजाऊंच्या फोटोला हार घालतो. आज त्यांच्या माहेराविषयी बोलू.

वडील लखुजीराव जाधव, सिंदखेडचे देशमुख, निजामशाहीतले मोठे सरदार. आई म्हाळसाबाई. लेक दिली वेरूळच्या भोसल्यांकडं. पुढं खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि त्या गोंधळात दोन्ही घरांत तलवारी निघाल्या. जिजाऊंचे भाऊ दत्ताजी गेले, सासरचे चुलतदीर संभाजीही गेले. सुतक माहेरीही आणि सासरीही. सांगा बरं, अशा वेळी बाईनं रडायचं कुणासाठी?

याहून मोठा घाव जुलै १६२९ मध्ये बसला. निजामशहाच्या हुकमावरून दौलताबादच्या किल्ल्यात लखुजीराव, मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव अशा चौघांना मारलं. एका दिवसात माहेरच्या तीन पिढ्या गेल्या! तेव्हा जिजाऊंच्या पोटात शिवबा होते. १९ फेब्रुवारी १६३० ला ते शिवनेरीवर जन्मले.

शिरूर अनंतपाळहून सिंदखेडराजाला जायचं आपल्या गटांत बोलणं चाललंय. बहुतेकजणी जन्मस्थळ बघून, फोटो काढून परततात. लखुजीरावांची समाधीही त्याच गावात आहे, चांगली मोठी, दगडी. आपण तिथंही थांबू. भाकरी बरोबर घ्या, घाई करायची नाही.