भाषेला राज्य मिळालं, माणसाचं काय?



थेट भांडणाला सुरुवात करतो. सकाळच्या परिसंवादात या व्यासपीठावरून सांगितलं गेलं की लेखकानं राजकारणापासून चार हात लांब राहावं, त्यातच साहित्याचं हित आहे. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मला हे मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगायला मी आज एका सिंधी माणसाला साक्षीला बोलावणार आहे.

त्यांचं नाव रसूल बख्श पलीजो. १९३० साली सिंधच्या ठट्टा जिल्ह्यात, जंगशाहीजवळच्या खेड्यात जन्म. कराचीत सिंध मदरसतुल इस्लाममध्ये शिक्षण, पुढे वकिली. कथा, समीक्षा, राजकीय लेखन, तुरुंगातली रोजनिशी, हे सगळं सिंधीत. आयुष्यातली सुमारे अकरा वर्षं तुरुंगात. २०१८ साली अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते गेले. मराठीत त्यांच्याविषयी फारसं कोणी लिहिलं नाही.

कोणी म्हणेल, पाकिस्तानातल्या पुढाऱ्याचं मराठी संमेलनात काय काम? त्यांना आठवण करून देतो. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्याचा कारभार मुंबईहून चालत होता. कराचीतल्या पहिल्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. आणि फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत उतरलेल्या सिंधी माणसांनी उल्हासनगर उभं केलं. सिंध आपल्याला परका नाही. आपण त्याच्याकडे पाठ फिरवली, एवढंच.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. १९५५ साली पाकिस्तान सरकारनं पश्चिमेकडचे सगळे प्रांत मोडून एक केले. त्याला ‘वन युनिट’ म्हणत. नकाशावरून सिंध हे नावच गेलं. इकडे १९५६ साली आपल्या माथी द्वैभाषिक मुंबई राज्य मारलं गेलं. आपण साडेतीन वर्षांत ते मोडलं. अत्र्यांची लेखणी, अमर शेखांचा आवाज, अण्णा भाऊंची शाहिरी रस्त्यावर उतरली होती. तेव्हा लेखक राजकारणापासून चार हात लांब राहिले असते, तर १ मे १९६० उजाडला असता का? सकाळच्या वक्त्यांनी एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं.

सिंधला पंधरा वर्षं झुंजावं लागलं. १ जुलै १९७० ला वन युनिट मोडलं, प्रांत परत आला. त्याच वर्षी, प्रांत परत येण्याच्या तोंडावर, पलीजोंनी अवामी तहरीक हा नवा पक्ष उभा केला. मी आज उभा आहे तो याच गोष्टीसाठी. प्रांत आला की लढाई संपली, असं त्यांनी मानलं नाही. प्रांत कुणाचा, हा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला. जमीनदार वडेऱ्याचा की त्याच्या शेतात राबणाऱ्या हारीचा? नवऱ्याच्या शब्दाखाली जगणाऱ्या बाईचा की नाही?

त्याच सुमाराची एक गोष्ट बघा. निवडणुकीच्या मतदार याद्या उर्दूत निघू लागल्या. त्या सिंधीत छापा, या मागणीच्या चळवळीत पलीजो पुढे होते. यादीसाठी एवढं कशाला, असं वाटेल. सिंधीत श्वास आत ओढून उच्चारायचे चार ध्वनी आहेत. त्यांना सिंधी लिपीत स्वतंत्र अक्षरं आहेत, उर्दूत नाहीत. म्हणजे ज्या हारीच्या नावात असा ध्वनी, त्याचं नाव उर्दू यादीत बदलूनच उतरणार. स्वतःच्या गावच्या यादीत स्वतःचं नाव वाचता येत नसेल, तर त्या माणसानं मताचा हक्क कशाच्या जोरावर मागायचा? भाषेची लढाई म्हणतात ती ही. ती गौरवगीतात नसते, यादीतल्या अक्षरात असते.

आणि म्हणून साहित्यातही ते गप्प बसले नाहीत. शेख अयाज या मोठ्या कवीवर धर्मद्रोहाचे, देशद्रोहाचे आरोप झाले, तेव्हा ‘अंधा ऊंधा वेज’ लिहून ते टीकाकारांवर तुटून पडले. आंधळे, उफराटे वैद्य असा त्या नावाचा अर्थ. वकिलानं कवीचं वकीलपत्र घेतलं, तेही फी न घेता, स्वतः अंगावर घाव घेऊन.

झिया उल हक यांच्या लष्करी राजवटीत त्यांना लाहोरच्या कोट लखपत तुरुंगात डांबलं. ‘कोट लखपतचा कैदी’ ही त्यांची रोजनिशी तिथली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्यांना विवेकाचा कैदी ठरवलं. पण मला जास्त मोलाची वाटते ती सिंधियाणी तहरीक. खेड्यापाड्यातल्या बायकांची ही संघटना त्यांच्या चळवळीतून उभी राहिली. बदल्यात मुली देण्याच्या लग्नांविरुद्ध, अब्रूच्या नावाखाली होणाऱ्या खुनांविरुद्ध त्या बोलल्या. १९८३ च्या लोकशाहीच्या आंदोलनात त्या तुरुंगात गेल्या. स्वतःच्या समाजाला दोष दाखवणारा माणूस समाजाचा वैरी ठरवला जातो. पलीजोंनी ते पत्करलं. सत्ता त्यांच्या पक्षाला कधी मिळाली नाही. त्यावरून त्यांना अपयशी म्हणणाऱ्यांना मी विचारतो, की सत्ता मिळालेल्यांपैकी किती जणांनी हारीच्या बायकोला सभेत बोलायला उभं केलं?

आता आपल्याकडे येतो. मी तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षं वकिली केली. एक बाई माझ्याकडे हक्कसोडपत्र घेऊन आली. सातवी शिकलेली. कागद मराठीत होता, टाईप स्वच्छ, शिक्का ठसठशीत. ती ओळीवर बोट ठेवून वाचत होती. ‘मिळकत’पर्यंत आली, ‘कब्जेवहिवाट’पाशी बोट थांबलं. मग कागद माझ्यापुढे सरकवून तिनं विचारलं, “साहेब, म्हणजे सातबाऱ्यावर माझं नाव राहिलं का गेलं?” गेलं होतं. खाली तिचीच सही होती. भावांनी सांगितलं होतं, नुसती पोच आहे.

ती मराठी बाई होती. राज्य मराठी, कागद मराठी, कोर्ट मराठी. तरीही तिची जमीन तिच्याच भाषेत तिच्या हातून काढून घेतली गेली. अभिजात दर्जा २०२४ साली मिळाला, मला आनंद आहे. पण त्या बाईच्या बोटाखालच्या शब्दाचा अर्थ त्यानं बदलला नाही. राज्य मिळालं तेव्हा आपण लेखक घरी गेलो, ही आपली चूक आहे. पलीजो घरी गेले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

संमेलनाच्या शेवटी आपण ठराव करतो. यंदा मी एकही ठराव मांडू देणार नाही. दाराशी एक वही ठेवायला सांगितली आहे. महिन्यातून एक दिवस तालुका कचेरीच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचा कागद त्याला कळेल अशा मराठीत वाचून दाखवायचा, एवढंच काम. ज्यांना ते करायचं आहे त्यांनी नाव आणि तालुका लिहावा. सही करण्याआधी बाईला अर्थ कळला पाहिजे, नंतर नव्हे.

वहीत पहिलं नाव मी लिहिलं आहे. जाताना दुसरं कुणाचं आहे, ते बघून जाईन.