पत्त्यांना विचारावे काय?



विषय वाचून काहींना वाटले असेल की, आज वसंत व्याख्यानमालेत ज्योतिषाची बैठक भरणार! तसे काही नाही. आमच्याजवळ टॅरो आणि ऑरॅकल या भविष्याच्या पत्त्यांचे अकरा कॅट जमले आहेत. यंदा नवा कॅट न घेता, महिन्याला एक काढून त्यातले पान अन् पान पाहण्याचा आम्ही नेम केला. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

टॅरो जन्माला आला तो भविष्यासाठी नव्हे, खेळासाठी. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो खेळत. रूढ कॅटाची पाने ७८. त्यांपैकी ५६ चार रंगांची. उरलेल्या २२ चित्रांत एक ‘वेडा’ आणि २१ कायमची हुकमाची पाने. पुढे १७८१ साली फ्रान्समध्ये कूर द जेबलँ याने, ही इजिप्तची प्राचीन विद्या आहे, असे लिहिले. पुरावा नव्हता, पण लोकांना ते रुचले, आणि खेळातले पान दैवाच्या वतीने बोलू लागले. आज सर्वत्र दिसणारा कॅट १९०९ साली लंडनमध्ये निघाला. त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. ऑरॅकलला तर रंग नाहीत, हुकूम नाहीत, पानांची संख्याही ठराविक नाही. कर्ता ठरवील ते खरे.

म्हणून परक्यांना हसण्याचे कारण नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, एकूण १२० गोल पाने. त्याच्याशी आपली माणसे खेळत आली. पण भविष्य विचारायला आपल्याकडे दुसरी साधने होतीच. रस्त्यावरचा पोपट आहे, कोकणातला देवाचा कौल आहे, बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षयतृतीयेची घटमांडणी आहे. रामशलाका प्रश्नावलीत घरे २२५. एका घरावर बोट ठेवून दर नववे अक्षर घेत गेले की चौपाई जुळते. अशा चौपाया नऊ. म्हणजे जगातल्या साऱ्या प्रश्नांना उत्तरे नऊच!

तरीही उत्तर पटते, ते का? टॅरोत वीज पडून ढासळणाऱ्या मनोऱ्याचे एक पान आहे. कर्जदाराला त्यात कर्ज दिसते, आजाऱ्याला आजार, घरात भांडण असेल त्याला भांडण. चित्र सैल असते. अर्थ आपण घट्ट करतो.

हे पडताळण्यासाठी आम्ही एक वही घातली. तारीख, प्रश्न, निघालेले पान आणि त्याच दिवशी लावलेला अर्थ, सारे शाईने लिहायचे. म्हणजे घटना घडून गेल्यावर अर्थ वाकवता येत नाही. दोन महिन्यांनी वही वाचली. भाकिते नाणे उडवावे तशी, काही लागली, काही चुकली. पण प्रश्नांचा रकाना बोलका निघाला. एकच प्रश्न शब्द बदलून तीन कॅटांना विचारलेला होता. पहिल्याचे उत्तर मनाजोगते नव्हते, म्हणून दुसरा कॅट. दुसऱ्याचेही नव्हते, म्हणून तिसरा. संग्रह वाढतो तो पुष्कळदा असा.

आता आपल्या यवतमाळकडे येऊ. मृगाच्या तोंडावर इथला प्रश्न एकच: सरकी कधी लावावी? आठवडा चुकला तर दुबार पेरणी, पुन्हा बियाणे, पुन्हा उसने पैसे. ते पैसे कोणतेही पान फेडणार नाही. हवामान खात्याचा अंदाज, जमिनीतली ओल आणि शेजारचा जाणता शेतकरी, यांनाच हा प्रश्न विचारला पाहिजे. छातीत कळ आली तर डॉक्टरांनाच.

आणि आणखी एक. आपल्या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख सोसले आहे. रात्री एकटे बसून ‘माझे पुढे काय?’ असे ज्याला विचारावेसे वाटते, त्याच्या हाती पत्ते देऊ नयेत. त्यात ‘मृत्यू’ नावाचेही एक पान आहे. त्याच्याजवळ जाऊन बसावे, कर्जाचा आकडा त्याला बोलू द्यावा, आणि उजाडल्यावर त्याच्याबरोबर बँकेत जावे.

पत्ते जरूर पाहावेत. चित्रे सुंदर आहेत, आणि मनात घोळणारा प्रश्न कोणता, हे ती दाखवून देतात. तेवढे झाले की कॅट डब्यात ठेवावा आणि उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याचे दार ठोठवावे.