दोन इंजिनं, त्यातलं एक बंद: पुढे काय?

आजचा प्रश्न असा. दोन इंजिनांचं छोटं विमान, नुकतंच टेकऑफ झालंय आणि एक इंजिन बंद पडलं. ताकद निम्मी झाली, म्हणजे विमान निम्म्या गतीने तरी वर चढेल ना?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तरी तसंच वाटतं. एक सर्व्हर पडला तर दुसरा आहेच की! पण इथे हिशोब वेगळा आहे.

समजा, पगार १ लाख, खर्च ४० हजार, शिल्लक ६० हजार. उद्या पगार निम्मा झाला, तर शिल्लक फक्त १० हजार. विमानाला नुसतं हवेत टिकायलाच बरीच ताकद खर्च करावी लागते. ते वर चढतं शिलकीवर. पायपर सेमिनोल हे ट्रेनिंगचं विमान घ्या. १८० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. दोन्ही चालू असली की मिनिटाला हजार फुटांहून जास्त चढतं. एकावर दोनशेच्या आसपास. तेही बंद इंजिनाचा पंखा फेदर केला तर, म्हणजे त्याची पाती हवेला कमीत कमी अडतील अशी वळवली तर.

आता गंमत बघा, खरा धोका चालू इंजिनाचा असतो. डावं बंद, उजवं जोरात ओढतंय, त्यामुळे नाक डावीकडे वळतं. सावरायला उजव्या पायाने रडर दाबायचा. पण रडर चालतो हवेच्या झोतावर. वेग फार कमी झाला तर पाय पूर्ण दाबूनही पुरत नाही आणि विमान बंद इंजिनाकडे कलंडून उलटं होतं. ही हद्द वेग दाखवणाऱ्या डायलवर लाल रेघेने दाखवतात. सेमिनोलमध्ये ५६ नॉट. निळी रेघ ८८ वर, एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढण्याचा वेग. ताबा सुटायला लागला तर नाक खाली करायचं आणि चालू इंजिनाची ताकद कमी करायची. जमीन जवळ दिसत असताना हे करणं सोपं नाही, म्हणून तर सराव लागतो.

दुसरी गोष्ट, बंद कोणतं इंजिन पडलंय? जो पाय मोकळा, त्या बाजूचं. तरी लगेच बंद करायचं नाही. आधी त्याचा थ्रॉटल हळू मागे घ्यायचा. काहीच फरक पडला नाही, तरच फेदर.

ही खात्री का करायची? तैपेई, ४ फेब्रुवारी २०१५. ट्रान्सएशियाचं एटीआर ७२. हे मोठं प्रवासी विमान, पण तत्त्व तेच. टेकऑफनंतर उजव्या इंजिनाची ताकद गेली, पंखा आपोआप फेदर झाला. कॅप्टनने बंद केलं ते डावं, चांगलं चालणारं इंजिन. विमान कीलुंग नदीत कोसळलं. ५८ पैकी ४३ जण गेले.

त्यामुळे क्रम लक्षात ठेवा: आधी वेग आणि ताबा, मग खात्री, मग लिव्हर. आणि विमान चढतच नसेल, तर ताबा असेपर्यंत समोरच्या मोकळ्या जागेत उतरवायचं. उलटून पडण्यापेक्षा त्यात जगण्याची शक्यता कितीतरी जास्त.

आज एवढंच. प्रश्न असतील तर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!