शब्दांचा रोजमेळ



दहावीपर्यंत मराठी माध्यमात उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी अकरावीला वाणिज्य शाखेत जातो आणि वर्गात एकाएकी मौन धारण करतो. बालपणापासून दुकानाच्या गादीवर बसलेल्या या मुलाला जमा-नावे कळते, घसाराही समजतो. परंतु तोच घसारा 'डिप्रिसिएशन' होऊन समोर येताच त्याचा आत्मविश्वास ढळतो. उणीव शब्दांची असते; घरची मंडळी आणि तो स्वतःही तिला बुद्धीची उणीव समजून बसतात, हे दुर्दैव होय.

ही उणीव निश्चित भरून निघते. शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली अत्यंत उपयुक्त अशा सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. रोज पाच शब्द आत्मसात केल्यास तेवढे शब्द ४०० दिवसांत पदरी पडतात.

मात्र एकदाचे पाठांतर पुरेसे नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरील प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले की, पाठ केलेल्यातील मोठा भाग पहिल्या दिवसातच विस्मरणात जातो. म्हणून सकाळी वहीत उतरविलेला शब्द त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा तपासावा. मराठी अर्थ झाकून तो आठवावा आणि नित्य व्यवहारातील एखाद्या वाक्यात योजावा. व्यापारी ज्याप्रमाणे रोजमेळ जुळविल्याविना दुकान वाढवीत नाही, त्याप्रमाणे विद्यार्थ्याने उजळणीविना वही मिटू नये.

शब्दांचे कुळ जाणल्यास श्रम हलके होतात. 'डिप्रिसिएशन'च्या मुळाशी 'प्रेटियम' हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ किंमत. 'डी' म्हणजे खाली. किंमत खाली येणे, हाच घसारा! 'प्राइस', 'प्रेशस' आणि 'अप्रिशिएट' ही त्याच कुळातील भावंडे. एक शब्द उमगला की आणखी तीन ओळखीचे होतात.

इंग्रजी शिकल्याने मातृभाषा दुरावेल, ही भीतीही अनाठायी आहे. कापडाच्या व्यापारातून इंग्रजीने कालिकतवरून 'कॅलिको' आणि मुंबईच्या डोंगरीवरून 'डंगरी' हे शब्द घेतले. त्यायोगे ती समृद्धच झाली.

पालकांनी रात्री दहा मिनिटे मुलाजवळ बसावे, त्याचे पाच शब्द ऐकावेत आणि आपणही शिकावेत. वर्गात हरवलेला त्याचा आवाज घरातूनच परत मिळणार आहे.